प्रश्न आपला, अभ्यासक्रमही आपला

शिक्षण संपून वर्षं लोटल्यावर पुन्हा काही शिकावंसं वाटलं, की आपण आधी पुस्तकांची यादी करतो. थोडा इतिहास, थोडं संस्कृत, जमलंच तर खगोलशास्त्र. यादी भरगच्च होते, पहिलं पुस्तक अर्ध्यावर राहतं आणि आता हे आपल्याच्यानं व्हायचं नाही, अशी खूणगाठ आपण बांधून टाकतो. मला वाटतं, यात दोष वयाचा नाही नि वेळेचाही नाही. विषय ठरलेला असतो. प्रश्न ठरवायचा राहून गेलेला असतो.

म्हणून दामोदर धर्मानंद कोसंबी मला फार जवळचे वाटतात. १९०७ साली गोव्यात जन्मलेला हा माणूस पेशाने गणिती. संख्याशास्त्र शिकायचं तर खरीखुरी सामग्री हवी, म्हणून त्यांनी प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी हाती घेतली. नाणं जितके हात फिरतं तितकं झिजतं, वजनाने घटतं. एकेक नाणं काट्यावर तोललं तर कुठलं अधिक काळ चलनात होतं, याचा हिशोब मांडता येतो. तो मांडताना पुढचा प्रश्न उभा राहिला: ही नाणी पाडली कुणी? त्यासाठी जुने ग्रंथ धुंडाळायचे, म्हणजे संस्कृत पक्कं हवं. मग एक नेमकं काम त्यांनी अंगावर घेतलं, भर्तृहरीच्या सुभाषितांचं. हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेली त्यांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. पुढे पुण्याच्या टेकड्यांवर ते अश्मयुगातली चिमुकली दगडी हत्यारं वेचत हिंडले, कार्ल्याच्या लेण्यांतही रमले. हा अभ्यासक्रम त्यांना कुणी आखून दिला नव्हता.

त्यांची विद्वत्ता सगळ्यांना झेपणार नाही, पण त्यांची रीत कुणालाही उचलता येते. समजा, तुमचा प्रश्न असा: कार्ल्याचं लेणं खोदायला पैसे दिले कुणी? उत्तर तिथल्या खांबांवरच कोरलेलं आहे, ब्राह्मी अक्षरांत. सगळी वर्णमाला घोकत बसू नका. लेखाच्या शेवटाकडे पाहा. बहुतेक ठिकाणी ‘दानं’ असतं. जेम्स प्रिन्सेपनेही सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारी हीच अक्षरं पकडली आणि १८३७ साली ब्राह्मीचं कुलूप उघडलं. मग ‘दानं’च्या अलीकडचं ‘थभो’ लागतं. थभो म्हणजे खांब. खांबाचं दान! आता दात्याचं नाव वाचायचं, त्याचं गाव वाचायचं. गाव अनेकदा धेनुकाकट निघतं आणि काही दाते स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवतात. यवन बोरघाटाच्या माथ्यावर कसे आले? इथून सोपारा-कल्याणची बंदरं, घाटवाटा, तांड्यांचा व्यापार, सातवाहनांचं राज्य, प्राकृत भाषा हे सगळं आपोआप अभ्यासाला येतं. ज्या पुस्तकांच्या यादीने आपण दमलो होतो, तीच पुस्तकं आता आपण वाचनालयात मागून घेतो, कारण त्यांच्याकडे आपलं काम असतं.

आपला अभ्यासक्रम आखताना मी एवढंच पाहीन. प्रश्न एका ओळीत मावावा. त्याचं उत्तर जिथे असेल तिथे एसटीने किंवा लोकलने जाता यावं, वस्तू डोळ्यांनी पाहता यावी. आणि शेवटी हातून काहीतरी पुरं व्हावं: लेण्यातल्या चैत्यगृहाचा साधा नकाशा काढून कुठला खांब कुणी दिला, हे आपल्या अक्षरांत लिहिलेलं एक पान झालं तरी पुरे. वर्ष लागलं तर लागू द्या. यात परीक्षा नाही, म्हणून घाई नाही. गुण नाहीत, म्हणून एकाच खांबापाशी अख्खी सकाळ घालवण्याची मुभा आहे. ते पान पुरं होईपर्यंत वहीत दुसरे चार प्रश्न जमलेले असतील. त्यांतला जो तुम्हाला सगळ्यात जास्त सतावेल, तो पुढच्या वर्षाला घ्या.