फुकटचं अपग्रेड: घ्यावं की थांबावं?

मोबाईलवरच्या फसव्या फोनबद्दल या पानावर लिहिलं होतं, त्यानंतर एका वाचक भगिनीचा फोन आला. सलाम-दुआ झाल्यावर म्हणाल्या, "मॅडम, लॅपटॉप उघडला की पडदाभर सूचना येते, विंडोज ११ फुकट घ्या. मुलगा म्हणतो घे. त्याचे अब्बा म्हणतात, दुनियेत फुकट काही मिळत नाही. तुम्ही सांगा, काय करू?"

मी त्यांच्याकडून दोन दिवस मागून घेतले. खरं सांगायचं तर हाच वाद आमच्या घरातही चालू होता आणि माझंच नक्की ठरत नव्हतं.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची नेहमीची देखभाल थांबवली. याचा अर्थ त्या दिवशी संगणक बंद पडले असा नाही. ते चालतात, चालत राहतील. पण चोराला शिरता येईल अशी एखादी फट नव्याने सापडली, तर ती बुजवायला आता कुणी येणार नाही. ही फट काय करते ते मे २०१७ मध्ये जगाने पाहिलं. 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांतले संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली, इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांना रुग्णांच्या तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. ती फट बुजवणारं अपडेट दोन महिने आधीच, मार्चमध्ये, आलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, त्यांचे संगणक अडकले. म्हणून "चाललंय ना, मग कशाला हात लावायचा" हे मला पटत नाही.

पण डोळे मिटून 'होय' म्हणणंही मला पटत नाही, कारण ते मी एकदा करून बसले आहे. २०१६ साली असंच विंडोज ७ वरून १० फुकट मिळत होतं, २९ जुलैपर्यंत. मुदत संपत आली म्हणून मी घटक चाचणीच्या आदल्या रात्री बटण दाबलं. सकाळी नवा पडदा छान दिसत होता, फक्त आमचा जुना प्रिंटर ओळख द्यायला तयार नव्हता. सातवीच्या उर्दूच्या प्रश्नपत्रिका मी हाताने लिहून झेरॉक्सच्या दुकानात नेल्या. महिनाभरात मागे फिरण्याची सोय होती, हे मला सहा महिन्यांनी कळलं! त्या वर्षी सूचनेची खिडकी फुलीवर बोट ठेवून बंद केली तरी संगणक होकार समजून अपग्रेडची वेळ ठरवत असे. कॅलिफोर्नियात प्रवास-व्यवसाय चालवणाऱ्या एका बाईंचा कामाचा संगणक नको असताना अपग्रेड होऊन बिघडला. त्या कोर्टात गेल्या आणि कंपनीला त्यांना दहा हजार डॉलर द्यावे लागले. मी कोर्टात कशाला जाते, माझं बोट तर मीच ठेवलं होतं.

आता आमच्या घरात दोन यंत्रं आहेत. लॅपटॉप २०२० चा. दुसरा डेस्कटॉप, २०१३ मध्ये घेतलेला, जो घरात 'अब्बांचा कम्प्युटर' म्हणून ओळखला जातो. अब्बा म्हणजे माझे सासरे, वय वर्षं एक्क्याऐंशी. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातून बोटीवर गेलेल्या खलाशांची यादी उर्दूत टाईप करायला घेतली. कोण कोणाचा मुलगा, कोणत्या साली मुंबईला गेला, कोणत्या जहाजावर लागला, मोगल लाइनच्या हाजींच्या बोटींवर कोण होतं, कोण परत आलंच नाही. तीनशेच्या वर पानं झाली आहेत. ज्यांना विचारून त्यांनी हे लिहिलं, त्यांतली बहुतेक माणसं आज कब्रस्तानात आहेत. म्हणजे ही माहिती दुसरीकडे कुठेही नाही.

आणि ती सगळी एका जुन्या उर्दू प्रोग्रॅममध्ये अडकलेली. त्या प्रोग्रॅमला मागे यूएसबीत एक 'किल्ली' लावावी लागते, ज्याला दुकानदार डोंगल म्हणतात. तिचा ड्रायव्हर जुन्या बत्तीस बिटच्या विंडोजसाठी केलेला. विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटमध्ये येतं. तिथे ती किल्ली लागणार नाही. मराठीतही हाच घोळ आहे. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाईली फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो, हे शाळेच्या ऑफिसात काम केलेल्यांना माहीत आहे.

थोरला बारावीला आहे, त्याला घाई. "अम्मी, व्हिडिओत दाखवलंय, जुन्या मशीनवर पण जबरदस्तीने टाकता येतं." डेस्कटॉप नियमात बसतच नव्हता. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, सिक्युअर बूट लागतं, किमान चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी जागा, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. जबरदस्तीने टाकलेल्याला पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. मग ज्यासाठी अपग्रेड करायचं तेच हातात नाही. अब्बा कोपऱ्यात ऐकत होते. म्हणाले, "बेटा, मशीनचं काय करायचं ते कर. पण माझी माणसं हरवू नकोस."

त्यावर थोरला गप्प बसला, आणि मीही.

मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी सगळ्या फाईली एका बाहेरच्या डिस्कवर आणि एका पेन ड्राईव्हवर उतरवल्या. मग प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ केली, म्हणजे निदान पानाचं चित्र तरी कायम राहील. त्यानंतर मजकूर युनिकोडमध्ये बदलला, जो कुठल्याही संगणकावर, मोबाईलवर उघडतो. इथे गंमत झाली. बदलताना आकडे उलटे झाले. १९४७ चं ७४९१! काही ठिकाणी 'ये' आणि 'हे' ही अक्षरं इकडची तिकडे. रोज इशाच्या नमाजनंतर अब्बा पीडीएफ वाचून दाखवायचे आणि थोरला दुरुस्त करायचा. तीन आठवडे लागले. आपल्या पणजोबांचा मोठा भाऊ बोटीवर होता, हे त्याला पहिल्यांदा तेव्हा कळलं.

एवढं झाल्यावर लॅपटॉपला होकार दिला. तोही सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधूनच. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून किंवा "कंपनीतून बोलतोय" म्हणणाऱ्याच्या सांगण्यावरून अपग्रेड कधी घेऊ नये. लॅपटॉपची डिस्क कुलूपबंद असेल तर तिची अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली आधी वहीत लिहून ठेवावी. अपग्रेडनंतर दहा दिवस मागे फिरता येतं, म्हणून परीक्षेच्या तोंडावर नको, आणि त्या दहा दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, उर्दू-मराठी कीबोर्ड सगळं तपासून घ्यावं. आमचा या वेळचा प्रिंटर चालला.

अब्बांच्या डेस्कटॉपला नकार दिला आणि त्याची इंटरनेटची वायर काढून टाकली. बाहेरचा रस्ताच बंद केला, तर चोर येणार कुठून? त्यावर आता फक्त लिहायचं काम होतं.

त्या भगिनींना मी विचारलं, लॅपटॉप कोणत्या सालचा? म्हणाल्या, २०२१ चा, शिलाईची बिलं त्यावरच करते. मग घ्या म्हटलं, पण बिलांची नक्कल आधी काढा. त्यांच्या नणंदेकडे २०१५ चा आहे, त्याला सूचनाच येत नाही. तिला नवा घ्यायला लगेच धावायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत शिरून सेटिंग्जची नक्कल खात्यात ठेवायला होकार दिला, तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट्स पैसे न देता मिळतात. नोंदणी विंडोज अपडेटच्याच पानावर आहे. तोवर पैसे साठवता येतील.

काल अब्बांनी हाक मारली. दुरुस्त केलेल्या प्रतीत एकाच्या भरतीचं साल अजून उलटंच राहिलं होतं.