साडेतीन तासांची किंमत

हेलसिंकी ते टोकियो हे हवाई अंतर सुमारे 7800 किलोमीटर आहे. प्रवासाला फेब्रुवारी 2022 पर्यंत साडेनऊ तास लागत. मार्चपासून तेरा लागू लागले. शहरं जागची हलली नाहीत. मधलं आकाश बंद झालं.

पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो जवळजवळ सगळा रशियावरून जातो. सपाट नकाशावर हीच वाट उत्तरेकडे फुगलेली, लांबची वाटते. या एका दोऱ्यावर फिनलंडनं आपला विमानव्यवसाय उभा केला होता. देशाची वस्ती सुमारे छप्पन्न लाख. पण जपान-कोरियाला निघालेले युरोपातले प्रवासी हेलसिंकीला येऊन विमान बदलत, कारण तिथून पूर्व आशिया जवळ पडतो. सायबेरियावरून जाण्याचं शुल्क रशियाला मोजूनही हे परवडत होतं.

युक्रेनवर हल्ला झाला आणि चार दिवसांच्या आत युरोपीय संघानं रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं. त्यात फिनलंडही होता. रशिया लगेच तेच करणार आणि सर्वांत मोठा फटका आपल्याच फिनएअर कंपनीला बसणार, हे हेलसिंकीत कुणाला सांगावं लागलं नसेल. तरीही निर्णय झाला. या धैर्याची नोंद व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

मग फिनएअरनं जुनी वाट काढली. 1983 मध्ये, सोव्हिएत काळात, याच कंपनीचं डीसी-10 विमान उत्तर ध्रुवावरून न थांबता टोकियोला जाऊ लागलं होतं. तेव्हा बहुतेक युरोपीय विमानं इंधनासाठी अलास्कात अँकरेजला उतरत. चाळीस वर्षांनी वैमानिक पुन्हा त्याच बर्फावरून निघाले. या वाटेवर टाकीतलं इंधन फार थंड होत नाही ना, यावर सतत लक्ष ठेवावं लागतं, आणि अडचण आलीच तर उतरायला विमानतळ फार थोडे. इंधन जास्त, तिकीट महाग, कर्मचारीही जास्त.

चिनी कंपन्यांना मात्र यातलं काहीच सोसावं लागत नाही. त्यांची विमानं आजही सायबेरियावरून सरळ युरोपात उतरतात, वेळ आणि इंधन वाचवतात, आणि ज्यांनी तत्त्वासाठी वळसा पत्करला त्यांचेच प्रवासी स्वस्त तिकिटांनी ओढून नेतात. काही भारतीय विमानंही अमेरिकेला जाताना रशियावरून जातात. जून 2023 मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान बिघाडामुळे मगादानला उतरलं, तेव्हा ते आपल्या लक्षात आलं. बंद आकाश म्हणजे काय, हेही आता आपल्याला ठाऊक आहे. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं आपली वाट अडवली आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडला.

रशियावरून येणाऱ्या चिनी विमानांना मनाई करण्याचा प्रस्ताव अमेरिकेनं 2025 मध्ये मांडला. युरोपनं त्याआधीच तो मांडायला हवा होता. निदान सायबेरियावरून येणाऱ्या प्रत्येक विमानाकडून त्यानं वाचवलेल्या तासांचा आकार युरोपच्या विमानतळावर वसूल करावा. फिनलंडसारख्या लहान देशानं ही किंमत एकट्यानं किती वर्षं मोजायची?