शब्दांच्या मुळाशी : चिरंजीव, आचंद्रार्क आणि नित्य

लग्नसराई सुरू झाली की घरोघर निमंत्रणपत्रिका येऊ लागतात. वराच्या नावाआधी ‘चि.’ आणि वधूच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ हे ठरलेलेच. ‘चि.’ म्हणजे चिरंजीव, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्या शब्दाने आपण नेमके काय मागतो, याचा विचार क्वचितच होतो. ‘चिरम्’ म्हणजे दीर्घकाळ. अंतहीन काळ नव्हे. ‘पुष्कळ जग’ एवढाच हा आशीर्वाद आहे. सात चिरंजीवांत हनुमंताबरोबर, कपाळीची जखम घेऊन भटकणारा अश्वत्थामाही आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे न संपणारे जिणे वरदानच असते असे नाही, हेही उमगते.

‘अमर’ आणि ‘अमृत’ हे शब्द ‘मृ’ म्हणजे मरणे या धातूपासून नकारार्थी ‘अ’ लावून सिद्ध झाले. ग्रीक देवांचे अन्न ‘अँब्रोसिया’ हा ‘अमृता’चा सख्खा भाऊ. मात्र या अमरत्वालाही सीमा आहे. प्रलयापर्यंत टिकून राहणे यालाच विष्णुपुराण अमृतत्व म्हणते.

याहून नवल ‘आयुष्य’ या शब्दाचे. संस्कृत ‘आयुस्’ आणि ग्रीक ‘आयॉन’ एकाच मुळापासून निघाले. ‘आयॉन’चा जुना अर्थ माणसाचा जीवनकाळ, पुढे त्याचा अर्थ युग आणि अखेर अनंतकाळ असा विस्तारत गेला. मराठी बायबलातील ‘सार्वकालिक जीवन’ या शब्दांमागे जे ग्रीक विशेषण आहे, ते या ‘आयॉन’पासूनच झालेले. मोजके आयुष्य आणि अमर्याद काळ यांचे शब्द असे एकाच कुळातले निघावेत, हे विचार करण्यासारखे आहे.

राजेलोकांनी अनंतकाळ मोजण्यासाठी आकाशाकडे पाहिले. दानपत्रांत ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत, अशी ग्वाही देण्याची रीत होती. आपल्या वडोदऱ्याचा प्राचीन उल्लेखही एका दानपत्रातलाच आहे. शके ७३४ (इ. स. ८१२) मधील ताम्रपटाने लाटदेशाच्या राष्ट्रकूट शाखेतील कर्कराजाने ‘वडपद्रक’ हे गाव एका ब्राह्मणास दान दिले. पुढे राष्ट्रकूटांचे राज्य लयास गेले, ते दानही राहिले नाही. चंद्रसूर्य मात्र आहेत, आणि वडांचे ते गाव आपले नाव थोडे बदलून नांदते आहे.

सूर्य आणि चंद्र येथील कीर्तिमंदिराच्या शिखरावरही दिसतात. सयाजीराव महाराजांनी (तिसरे) गायकवाड घराण्याच्या स्मरणार्थ ही वास्तू उभारविली. आतील भिंतींवर नंदलाल बोस यांनी गंगावतरण, मीराबाईचे जीवन आदी चित्रे रंगविली. येथे ‘अमर’ वा ‘अक्षय’ हा शब्द न योजता ‘कीर्ति’ हा शब्द योजिला आहे. ‘कीर्त्’ म्हणजे उल्लेख करणे, वर्णन करणे, ‘कीर्तन’ही त्यातलेच. म्हणजे कीर्ति ही दगडात राहत नाही. कोणी नाव काढीत असेल तोवरच ती असते. पूर्वजांचे जीवन असे मागे राहिलेल्यांच्या मुखावर अवलंबून असते.

शेवटी ‘नित्य’ हा साधा शब्द पाहू. वेदांत त्याचा एक जुना अर्थ ‘स्वतःचे, आपल्या घरचे’ असा आहे. पुढे तो ‘शाश्वत’ झाला आणि ‘रोजचे’ही झाला, नित्यनेम, नित्यकर्म हे शब्द आपण आजही वापरतो. आपले, रोजचे आणि शाश्वत असे तीन अर्थ एकाच शब्दात नांदतात.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना हा शब्द अधिक जवळचा वाटावा. आपल्या कित्येक घरांतील मुले शाळेत गुजराती वा इंग्रजी शिकतात. मराठी लिहिणे-वाचणे कित्येकांचे सुटत चालले आहे. पत्रिकेवरील ‘चि.’ उद्या छापले जाईलही. ते उलगडून वाचणारा घरात असेल का, हा खरा प्रश्न आहे. वार्षिक समारंभातील भाषणांनी भाषेला आयुष्य लाभत नाही. दिवेलागणीला म्हटलेले शुभंकरोति, आजोबांस मराठीत लिहिलेले चार ओळींचे पत्र, जेवताना झालेले साधे बोलणे एवढे नित्य असले, तर पुढल्या पिढीसही ती भाषा आपली वाटेल.