तरस कुत्र्याचा भाऊ नव्हे

दौंडच्या माळावर तिन्हीसांजेला तरस दिसलं, की बघणारा त्याला कुत्र्यांत घालून मोकळा होतो. लांबट तोंड, पाठीवर आयाळ, मागे उतरत गेलेलं अंग. पण वारसनोंद काही चेहरा बघून होत नाही. जनुकं तपासली, तर तरस मांजर-मुंगसाच्या भावकीत निघतं. लांडगा मात्र कुत्र्याचा इतका जवळचा, की अनेक शास्त्रज्ञ दोघांना एकाच जातीत धरतात.

शिरूरच्या उसातला बिबट्या तर गावोगाव ‘वाघ’च! ही चूक त्या मानाने लहान. जाती वेगळ्या, पण प्रजाती एकच, पँथेरा. ‘बिबट्या उसात राहायला उत्क्रांत झाला’ हे मात्र पटण्यासारखं नाही. उसात आडोसा मिळतो, वस्तीवर कुत्री-शेळ्या सापडतात, म्हणून तो राहतो. ती झाली सवय. उत्क्रांतीला आनुवंशिक फरक लागतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांची निवड व्हावी लागते.

२०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला. मुलांचं ओझं कमी करायचं म्हणे! २०१८ साली आलेल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा आहे, हे बरं. पण तो फळ्यावरच का संपावा?

माळावरच्या मऊ मातीत तरसाच्या ठशात नखं उमटतात, अगदी कुत्र्यासारखी. बिबट्याच्या ठशात ती सहसा नसतात. मग मांजराच्या भावकीत तरस कसं, हा प्रश्न मुलांना तिथेच वाकून बघायला लावून विचारता येईल.