समुद्र जहाज उचलून देतो

पावसाळ्यात पाच मीटरच्या आसपास भरती येणार म्हटलं की मुंबई धास्तावते. खंबातच्या आखातात, भावनगरच्या बाजूला, उधाणाला जवळपास त्याच्या दुप्पट, दहा मीटरच्या घरात पाणी चढतं. म्हणजे तीन मजले! आखाताचं तोंड रुंद, पण आत जावं तसं ते निमुळतं आणि उथळ होत जातं. आत घुसलेल्या पाण्याला पसरायला जागा मिळत नाही, मग ते वर चढतं.

या किनाऱ्यावरच्या माणसांनी समुद्राचं वेळापत्रक केव्हाच अंगवळणी पाडून घेतलंय. कोळियाकचा निष्कलंक महादेव समुद्रातच आहे. ओहोटी लागली की भाविक ओल्या चिखलातून शिवलिंगांपर्यंत चालत जातात. भरतीला सगळं पाण्याखाली, वर दिसतो फक्त खांब आणि त्यावरचा ध्वज. मोठी जत्रा श्रावणी अमावास्येला भरते. अमावास्येच्या सुमारास पाणी जितकं वर येतं तितकंच दूरही हटतं, हे जत्रेला येणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

याच किनाऱ्यावर अलंग आहे. 1983 पासून तिथे जहाजं तोडली जातात, तीही गोदीशिवाय. उधाणाच्या भरतीला जहाज सरळ किनाऱ्यावर घालायचं. पाणी ओसरलं की हजारो टनांचं धूड चिखलात उघडं पडतं. मग गॅस कटरने पुढून कापत जायचं, वजन कमी होईल तसं विंचने आणखी वर ओढायचं. आपली ‘विराट’ही तिथेच गेली. 30 वर्षं नौदलात राहिलेल्या या युद्धनौकेचं सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करायचं, असं राज्य मंत्रिमंडळाने 2018 मध्ये ठरवलं होतं. ते झालं नाही. सप्टेंबर 2020 मध्ये तिला मुंबईहून ओढत नेलं आणि भरतीच्या पाण्यावर अलंगला चढवलं. मला ते आजही लागतं.

पण त्याहून जास्त खुपतो तो चिखल. जहाज उचलून देणारं पाणी परत जाताना चिखलात सांडलेलं तेल, रंगाचे कपचे, गंज सोबत नेतं, दिवसातून दोनदा. ॲस्बेस्टॉसची धूळ मात्र कामगाराच्या छातीत राहते. जहाजतोडणीसाठीचा हाँगकाँग करार जून 2025 पासून लागू झाला आहे, भारतही त्यात आहे. अलंगमध्ये काही ठिकाणी पक्क्या फरशीवर काम होतं, हे चांगलंच. पण पहिली कापणी अजूनही भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच होते. ती तिथून हलवायला हवी. त्यासाठी लागणारा खर्च जहाजमालकांनी सोसावा, कामगारांनी आणि मच्छीमारांनी नव्हे.