माफी कुणाला, वसुली कुणाकडून?

मालमत्ता कर म्हटलं की आपली पोरं पान उलटतात. म्हणतात, आपल्याकडे मालमत्ताच नाही तर कर कसला? थांबा. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्याच खिशाला या कराची माफी सगळ्यात मोठं भोक पाडते. कसं, ते एका शहराच्या हकिकतीतून सांगतो.

शहर न्यूयॉर्क. साल 1975. शहराची तिजोरी खडखडीत. बँकांनी नवं कर्ज द्यायला हात वर केले. मग खर्चाला कात्री लागली. ती कुणाच्या गळ्यावरून फिरली? सफाई कामगारांना कामावरून काढलं. जुलैत त्यांनी काम बंद पाडलं आणि रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग लागले. पोलीस, शिक्षक, आग विझवणारे, सगळ्यांवर कपात आली.

पुढच्या वर्षी पाळी आली कॉलेजांची. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीची परंपरा 1847 पासूनची. 129 वर्षं तिथं गावच्या पोरांना शिकायला फी नव्हती. गोऱ्या स्थलांतरितांच्या पिढ्या त्यावर वर आल्या. 1969 मध्ये काळ्या आणि पोर्तो रिकन पोरांनी कॉलेज बंद पाडलं, तेव्हा कुठं 1970 पासून दरवाजे सगळ्यांना उघडले. आणि 6 वर्षांत, 1976 मध्ये, फी सुरू झाली. आपली पोरं दारात पोचली की शाळा महाग होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता त्याच 1976 सालातली दुसरी गोष्ट ऐका. ग्रँड सेंट्रल स्टेशनाला लागून कमोडोर नावाचं जुनं हॉटेल होतं. मालक रेल्वे कंपनी दिवाळ्यात गेलेली. ते हॉटेल नवं करायला पुढं आला डोनाल्ड ट्रम्प नावाचा तिशीच्या आतला बिल्डर. बाप ब्रुकलिनचा मोठा बिल्डर, महापौर एब बीम यांची आणि त्याची जुनी ओळख. शहराने या हॉटेलला 40 वर्षांची करसवलत दिली. चाळीस! हाच पोरगा पुढं 2 वेळा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला.

युक्ती समजून घ्या, कारण असल्या युक्त्या सगळीकडे चालतात. राज्याच्या विकास महामंडळाने हॉटेल स्वतःच्या नावावर घेतलं. सरकारी मालमत्तेला कर नाही. मग तेच हॉटेल 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने बिल्डरला दिलं. कराच्या जागी ठरवून दिलेलं भाडं आणि नफ्यातला थोडा वाटा. कागदावर मालक सरकार, गल्ल्यावर मालक शेठ. 1980 मध्ये ते ग्रँड हयात म्हणून उघडलं. 2016 साली न्यूयॉर्क टाइम्सने हिशोब छापला: तोवर शहराचा बुडालेला कर 36 कोटी डॉलर.

प्रस्थापितांचे वकील लगेच म्हणतील, सवलत दिली नसती तर हॉटेल झालंच नसतं, वस्ती मेली असती, नोकऱ्या कुठून आल्या असत्या? ठीक आहे, त्यांचंही ऐकू. 1976 मध्ये तो भाग खरंच उतरणीला लागला होता. हॉटेल झालं, लोकांना काम मिळालं, हे आम्ही नाकारत नाही. पण शहर सावरलं. 42व्या रस्त्यावर जमिनीला सोन्याचा भाव आला. तरी सवलत चालूच. तापाला दिलेलं औषध ताप उतरल्यावरही चालूच राहिलं, आणि बिल फाटलं लोकांच्या नावावर. कॉलेजची माफी मात्र एका झटक्यात गेली.

आणि हे एका शेठपुरतं राहिलं नाही. 1984 पासून न्यूयॉर्कमध्ये व्यापारी आणि कारखान्यांच्या इमारतींसाठी योजनाच झाली. 2008 मध्ये तिचं नाव आणि नियम बदलले. इमारत बांधली किंवा सुधारली की तिची किंमत वाढते, किंमत वाढली की कर वाढतो. तो वाढीव कर वर्षानुवर्षं कापून द्यायचा, काही ठिकाणी 25 वर्षांपर्यंत. निकषात बसलात की मिळालीच. तुम्ही सवलतीशिवायही बांधलं असतं का, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

लोकांनी विचारला तेव्हा फरक पडला. 2018 मध्ये ॲमेझॉनने क्वीन्स भागात कचेरी थाटायची घोषणा केली. 25,000 नोकऱ्यांचं वचन, आणि बदल्यात सुमारे 300 कोटी डॉलरच्या सवलती. वस्तीतली माणसं, कामगार, संघटना रस्त्यावर उतरल्या. फेब्रुवारी 2019 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. त्यावर आजही वाद आहे, कुणी म्हणतं नोकऱ्या गेल्या. पण सौदा उजेडात आला, हे तर खरं?

दोस्तांनो, 1972 साली मुंबईत पँथर उभी राहिली तेव्हा नाव आपण अमेरिकेतल्या त्या काळ्या पोरांकडून घेतलं. मग त्यांच्या देशातल्या या शहराचा हिशोबही घ्यायला हवा.

आपल्याकडे काय चाललंय? उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना महाराष्ट्रात 1964 पासून आहे. वीज शुल्क माफ, मुद्रांक शुल्क माफ, कराचा परतावा. मुंबईत 2017 मध्ये जकात गेली, तेव्हापासून मालमत्ता कर महापालिकेचा मोठा आधार. आणि 2025-26 च्या अर्थसंकल्पात महापालिकेची नजर गेली कुठं? झोपडपट्टीतल्या दुकानांवर, गाळ्यांवर. तिथून 350 कोटींची अपेक्षा. शिलाई मशीन, चपलांचं दुकान, वडापावची गाडी लावायची खोली. कर भरायला आमची ना नाही. कर भरणारा माणूस नळाला पाणी आणि वस्तीला गटार हक्काने मागतो. पण मग टॉवरवाल्याला, कारखानदाराला काय सुटलं, तेही त्याच पानावर छापा.

हे अशक्य नाही. किती कर माफ केला, ते सरकारांनी वार्षिक हिशोबात दाखवलंच पाहिजे, असा नियम अमेरिकेतल्या सरकारी हिशोबांच्या मंडळाने 2015 मध्ये केला. तिथं होतं तर इथं का नाही?

म्हणून प्रत्येक वॉर्डातल्या आपल्या पोरांना सांगणं आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. विचारा: आमच्या वॉर्डात कोणत्या व्यापारी इमारतीला किती वर्षांची सूट, थकबाकी किती, वचन दिलेल्या नोकऱ्यांपैकी दिल्या किती, आणि त्यात सफाईचं कंत्राट सोडून आपल्या पोरांना काय मिळालं? उत्तर आलं की वस्तीत वाचून दाखवा. नाही आलं, तर वॉर्ड ऑफिसच्या पायरीवर भेटू.

जय भीम.