ज्याचा खिसा रिकामा, त्यालाच भाव चढा!

तेलंगणाच्या सरकारी आर्थिक पाहणीत 2024-25 सालचे दरडोई उत्पन्न 3 लाख 79 हजार 751 रुपये छापले आहे. पाच माणसांचे घर धरले तर वर्षाला जवळजवळ 19 लाख होतात. हा आकडा घेऊन एखाद्या मंत्र्याने आदिलाबादच्या बंगारीगुड्यात किंवा केआरके कॉलनीत यावे, ओट्यावर उभे राहून तो मोठ्याने वाचावा आणि समोर बसलेल्या बायकांना विचारावे, बायांनो, तुमचे 19 लाख कुठे ठेवलेत? हैदराबादभोवतीच्या आयटी कंपन्यांचे पगार आणि पैनगंगेकाठच्या शेतमजुराची रोजी एकाच पातेल्यात ढवळून जे निघते, त्याला सरकार समृद्धी म्हणते. याच राज्यात रोजगार हमीची मजुरी 2025-26 साठी दिवसाला 307 रुपये ठरली. शंभर दिवस पुरते काम मिळाले तरी वर्षाचे 30 हजार 700. उरलेले दोनशे पासष्ट दिवस त्या घराने काय खावे, याचा रकाना सरकारच्या वहीत नाही.

कमाई तोकडी आहे हे मात्र सगळ्यांनाच दिसते आणि त्यावर हळहळणारेही पुष्कळ भेटतात. आमचा आजचा सवाल त्याच्या पुढचा आहे. याच गावात ज्याची मिळकत कमी, त्याला तीच वस्तू चढ्या दराने का घ्यावी लागते?

संध्याकाळी सातच्या सुमारास आदिलाबादच्या खानापूर वस्तीतल्या एखाद्या किराणा दुकानापुढे दहा मिनिटे उभे राहा. कामावरून परतलेली बाई वीस रुपयांचे तेल मागते. दुकानदार ते पातळ पिशवीत ओतून गाठ मारून देतो. पाच रुपयांची चहापत्ती, तिखटाची पुडी, पावशेर डाळ, शाम्पूची एक चपटी पुडी. रोजच्या रोजीवर रोजचा बाजार. विद्यानगर-रवींद्रनगरातली गाडी त्याच वेळी मोठ्या दुकानासमोर लागते, तेलाचा पंधरा किलोचा डबा, तांदळाचे पोते उचलते आणि वर सूटही पदरात पाडून घेते. किलोचा हिशेब मांडून पाहा, मोटारवाल्याला पडणारा दर कमी निघेल. दुकानदार लबाड असतो असे आमचे म्हणणे नाही. तोही ठोक व्यापाऱ्याकडून उधारीवरच माल उचलतो. पण हातावर पोट असणाऱ्याला डबा घेण्याइतकी रक्कम एकदम कधीच जमत नाही, आणि ती जमत नाही एवढ्याच गुन्ह्याचा दंड तो जन्मभर भरत राहतो.

तेलाचे हे, तर पैशाचा भाव विचारूच नका. गल्लीत दुचाकीवरून येणारा फायनान्सवाला दहा हजारांच्या चिठ्ठीवर अंगठा घेतो आणि नऊ हजार हातावर ठेवतो. हजार आधीच कापलेले. मग रोज शंभर रुपये, शंभर दिवस. ऐकायला किती सोपे! आम्ही त्याचे गणित घातले: वर्षाचा दर 75 टक्क्यांच्या वर जातो. ज्याच्या नावावर घर आहे, पगाराची चिठ्ठी आहे, त्याला बँक आठ-नऊ टक्क्यांनी कर्ज देते. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला आठपट. 2010 साली अखंड आंध्रात मायक्रोफायनान्सवाल्यांच्या दारावरच्या दांडगाईला वेसण घालणारा कायदा झाला. 2023 च्या फेब्रुवारीत तेलंगणाच्या हायकोर्टाने, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या कंपन्यांना तो लागू होत नाही, असा निकाल दिला. कोर्टाने कायद्याचे कलम पाहिले असेल; दुचाकीवरचा मनुष्य तर कोणाच्याच देखरेखीखाली नाही.

सरकार म्हणेल, आम्ही फुकट देतो की! होय, देता, आणि त्याचे श्रेय आम्ही नाकारत नाही. डिसेंबर 2023 पासून बायकांना एसटी फुकट झाली, 2025 पासून राशनला बारीक तांदूळ मिळू लागला, ही खरी मदत आहे. पण बसस्थानकापर्यंतचा ऑटो फुकट नाही. दोनशे युनिटपर्यंत वीज माफ आहे. एका मीटरवर चार खोल्या भाड्याने दिलेल्या असल्या की दोनशेची रेघ किती दिवसांत ओलांडली जाते, हे भाडेकरूला विचारा. मग घरमालक युनिटमागे आपल्या मनाला येईल तो दर लावतो, आणि वाद घातला तर महिनाअखेर खोली खाली करायची. ज्याचे घर त्याची माफी, भाडेकरूच्या पदरी तक्रार करायचीही सोय नाही.

या गावात पैसा नाही असे कोणी म्हणू नये. 44 क्रमांकाच्या महामार्गाला लागून मावळा गावाकडे प्लॉटांच्या चुन्याच्या रेघा रोज पुढे सरकत आहेत. हा पैसा आला कुठून? मोठा वाटा पांढऱ्या सोन्याचा. कापसाचा हमीभाव 2025-26 साठी लांब धाग्याला 8,110 रुपये क्विंटल. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की कपात, बाराच्या वर गेला की कापूस महामंडळाचे दार बंद. ऐन हंगामात एकरी 7 क्विंटलची मर्यादाही घातली. उरलेला माल घेऊन शेतकरी जातो कुठे? खाजगी व्यापाऱ्याच्या काट्यावर, तो देईल त्या भावाला. दोन हंगाम असे गेले की बेला-जैनथकडचा तोच माणूस बायकापोरांसह शहरात येतो, पत्र्याची खोली घेतो आणि ज्या यार्डात कापूस विकला तिथेच हमाली करतो. इथला सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना चालू असता तर दोन पिढ्यांना पक्की नोकरी मिळाली असती. 1990 च्या दशकापासून त्याची धुराडी थंड आहेत, आणि प्रत्येक निवडणुकीला तो 'सुरू होतो'.

डोंगराकडची कथा आणखी जुनी. हातातून निसटलेल्या जमिनीच्या प्रश्नावर इंद्रवेल्लीला 20 एप्रिल 1981 रोजी गोंड जमले, तर त्यांना गोळ्या मिळाल्या. सरकारी मोजणीने 13 मेले. जमीन ज्यांच्या घशात गेली त्यांची नातवंडे आज शहरात प्लॉट विकतात, आणि ज्यांची गेली त्यांची त्याच प्लॉटांवर विटा वाहतात.

इथे आमच्या मराठी वाचकांनाही दोन शब्द. 1956 च्या पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आदिलाबादेतून तुटून तिकडे मुंबई राज्यात गेले, आपण इकडे आंध्रात राहिलो. दुकानाच्या पाटीवर मराठी राहावी, मराठी शाळा टिकावी म्हणून आपण भांडतो, आणि ते योग्यच आहे. पण खोल्यांचे भाडे वसूल करणारा आपला, अडत्या आपला, व्याजावर पैसे लावणारा आपला, आणि त्या ओझ्याखाली दबलेलाही आपलाच, हे चावडीवर कोणी बोलत नाही. मातृभाषेत केलेली लूट लूटच असते.

गरिबी मोजायची कशी हे या देशाला मराठी मुलखाने शिकवले, ही आमची घमेंड नव्हे, नोंद आहे. धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या पेठांची आर्थिक पाहणी करून तिचे दोन भाग 1945 आणि 1952 साली छापले. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 साली दारिद्र्याची रेघ आखली: 1960-61 च्या भावाने खेड्यात माणशी महिना 15 रुपये, शहरात साडेबावीस. त्याआधी 1889 साली चार्ल्स बूथने लंडनच्या एकेका रस्त्याला दारिद्र्याप्रमाणे रंग देऊन नकाशा काढला होता. आज काय चालले आहे? नीती आयोग सांगतो, तेलंगणातले बहुआयामी गरीब 13.18 टक्क्यांवरून 5.88 वर आले. आनंद आहे. पण कामगारांच्या महागाईचा निर्देशांक सिमल्याचे लेबर ब्युरो 88 केंद्रांच्या भावांवरून काढते. भाव केंद्राचा, वस्तीचा नाही. 2022-23 च्या केंद्रीय पाहणीत देशातल्या शहरांमधल्या तळच्या 5 टक्के माणसांचा महिन्याचा खर्च 2,001 रुपये निघाला, वरच्या 5 टक्क्यांचा 20,824. ही दरी आदिलाबादेत नेमकी कोणत्या नाल्यावरून, कोणत्या चौकातून जाते, हे कोणी सांगावे?

सरकारला ते सांगता येते, म्हणूनच आमचा संताप आहे. 19 ऑगस्ट 2014 रोजी सारे राज्य एक दिवस घरात बसवून खानेसुमारी झाली. तिचा पूर्ण हिशेब जनतेपुढे कधी आलाच नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा घरोघर माणसे फिरली. जात, जमीन, मिळकत, कर्ज, सारे विचारले. जातींचे आकडे 2025 च्या फेब्रुवारीत सभागृहात आले, त्यावर राजकारणही यथेच्छ झाले. मिळकतीचे आणि कर्जाचे प्रभागवार पान कुठे आहे?

ते काढा. माणसांची नावे गाळा, प्रभागांची नकोत. प्रत्येक प्रभागातली सरासरी मिळकत, डोक्यावरचे कर्ज, खोलीचे भाडे, आणि त्याच प्रभागातल्या दुकानात तेल, डाळ, पाणी कोणत्या भावाने मिळते, एवढेच. 2020 च्या निवडणुकीत नगरपालिकेचे 49 प्रभाग होते. प्रभागाला एक पान पुरे. तेलुगू, उर्दू आणि मराठीत छापून ते पालिकेच्या फाटकावर चिकटवा, आणि ज्या नगरसेवकाला आपल्या प्रभागाचे पान चारचौघांत लावायची लाज वाटते, त्याने त्या वस्तीत मत मागायला पाऊल ठेवू नये.